अठ्ठ्याहत्तर वर्षांचं तोरण

घर पाडायला जेवढा खर्च येतो त्याच्या दुप्पट ते न पाडायला येतो, हे मेस्त्रींनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. नातेवाइकांना बाहेर बोलावण्याआधी डॉक्टर पेशंटकडे जसं बघतात, तसं ते खळ्यात उभे राहून आमच्या मालवणजवळच्या घराकडे बघत होते. मग म्हणाले, "दादानू, पाडा आणि स्लॅब घाला. आठ म्हयन्यात गृहप्रवेश."

"आणि नाही पाडलं तर?"

"मगे माझ्या झिलाच्या लग्नाची चिंता मिटली."

कामाला होकार देताना त्यांनी आणखी एक अट घातली. "ह्या घराचा काम आगाऊ पैशे घेतल्याशिवाय करूचा नाय, असा आमचो आजो सांगान गेलो." का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आजा म्हणाला म्हणून. मी हसलो आणि आगाऊ पैसे दिले. कोकणात कुठल्या गोष्टीवर हसावं आणि कुठली वहीत लिहून ठेवावी, हे डोंबिवलीत पस्तीस वर्षं राहिलेल्या माणसाला कळत नाही.

निवृत्त माणसाच्या हातात ग्रॅच्युइटी आणि वेळ एकदम पडू देऊ नये. बँकेतून सुटलो आणि दुसऱ्याच महिन्यात पुण्याचा पुतण्या घरी आला. "काका, गावचं घर नुसतं पडून आहे. लोकांना आता हॉटेलं नकोत. कॅरेक्टर असलेलं घर हवं असतं." आमच्या वेळी कॅरेक्टर सर्टिफिकेट नोकरीला लागायचं, आणि ते हेडमास्तर फुकट द्यायचे. घराचं कॅरेक्टर मात्र चौरस फुटावर निघतं हे मला पुढे कळलं.

घर माझं म्हणण्यात थोडी अडचण होती. घराखालच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर तेवीस नावं. त्यातली नऊ माणसं हयात नाहीत, एक कॅनडात आहे, आणि एक नाव कोणाचं ते घरातल्या कोणालाच सांगता येईना. वारसांची यादी करताना मला असे नातेवाईक सापडले की त्यांच्या लग्नात आम्ही जेवलो होतो आणि नंतर विसरलो होतो. पण तेवीसच्या तेवीस शाखांनी आनंदाने संमती दिली. गळणाऱ्या घराला कोणी हरकत घेत नाही. हरकती घर गळायचं थांबल्यावर येतात.

काम सुरू करण्याआधी गाऱ्हाणं घालायला हवं, असं शेजारच्या काकीने बजावलं. काकी माझी चुलतकाकी, वय चौऱ्याऐंशी. लग्न होऊन या घरात आली आणि नंतर वाटण्या झाल्यावर गडग्यापलीकडच्या घरात गेली. एवढाच तिचा जन्मभरातला प्रवास. गावच्या मानकऱ्यांनी नारळ ठेवला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान मुंबैत नोकरी करून चार पैशे जोडल्यान हत, ते आता ह्या घरात घालूचे म्हणता..." "व्हय म्हाराजा!" "तर त्येका बुद्दी दी रे म्हाराजा!" या शेवटच्या वाक्याला जमलेल्या गावाने जो "व्हय म्हाराजा" दिला, तो आधीच्या सगळ्या व्हय म्हाराजांपेक्षा मोठा होता.

मग आर्किटेक्टबाई आल्या. मुंबईहून, तुतारी एक्स्प्रेसने कुडाळला उतरून, पांढऱ्या सुती कपड्यांत. त्यांनी घरात पाऊल टाकलं, डोळे मिटले, खोल श्वास घेतला आणि म्हणाल्या, "किती छान वास आहे!" तो वाघुळांचा होता. पण बाई हुशार होत्या हे कबूल करायला हवं. त्यांनी भिंतीवर नखाने खरवडलं आणि आतून तांबडा चिरा दिसताच त्यांचा चेहरा असा उजळला, की काकीला वाटलं बाईंना काही दागिना सापडला.

"हा सगळा गिलावा काढायचा," बाई म्हणाल्या. "दगड बोलू दे."

काकीने माझ्याकडे पाहिलं. "गिलावो करूक पैशे नसत म्हणान लोक चिरे उघडे ठेवीत," ती म्हणाली. "तुझ्या बापाशीन कर्ज काढून गिलावो केल्यान. तुका काय कमी पडला?"

खरं तर या जांभ्याचा मोठा इतिहास आहे. फ्रान्सिस बुकानन नावाचा इंग्रजांचा एक डॉक्टर मलबारातून फिरत होता. तिथल्या लोकांना हा दगड खाणीत मऊ असताना लोखंडी हत्याराने कापताना त्याने पाहिलं. वारा लागला की तोच दगड कडक होतो. त्याने 1807 साली त्याला 'लॅटराइट' असं नाव दिलं, विटेच्या लॅटिन शब्दावरून. ही माहिती मी काकीला दिली. ती म्हणाली, "मगे तेका गिलावो करूक पैशे नसतले."

गिलावा काढण्याचे चौरस फुटाला जे पैसे गेले, ते वडिलांनी तो करायला घेतलेल्या कर्जाच्या कितीतरी पट होते. आणि हे एवढ्यावर थांबलं नाही. आमच्या घरात प्रत्येक पिढीने काही ना काही सुधारणा केली होती, आणि आमची सुधारणा म्हणजे त्या सगळ्या सुधारणा एकेक करून उचकटणं. आमच्या घरातल्या तात्यांनी 1978 साली मुंबईहून ट्रकने मोझॅक टाइल्स आणून ओटीवर बसवल्या होत्या. सारा गाव बघायला आला होता. पाहुण्यांनी चपला काढाव्यात की ठेवाव्यात यावर घरात वाद झाला होता, कारण टाइल्सवर चपला काढल्या तर पायाला गार लागतं आणि ठेवल्या तर टाइल्स मळतात. त्या टाइल्स आम्ही ब्रेकरने फोडल्या. दरवाज्यांवर कोणीतरी मोठ्या हौसेने सनमायका ठोकला होता, तो काढला. माजघरातल्या फणसाच्या खांबांवर ऑइलपेंटचे पाच थर होते. सर्वात वर पिस्ता, त्याखाली आकाशी, मग गुलाबी, पुन्हा पिस्ता आणि तळाशी एक तपकिरी. मेस्त्री खरवडत होते आणि काकी पाटावर बसून थरांचं वाचन करत होती. आकाशी म्हणजे धाकट्या काकांचं लग्न. गुलाबी आत्याचं, कारण तिच्या सासरकडच्यांचं घर गुलाबी होतं आणि आपण मागे पडायचं नाही म्हणून. पहिला पिस्ता कोणाचा ते तिलाही आठवेना. "बहुतेक कोण पास झालो," ती म्हणाली.

संध्याकाळी ती सगळी लग्नं आणि परीक्षा झाडूने गोळा होऊन पाटीतून उकिरड्यावर गेली. खाली जे लाकूड निघालं ते सुंदर होतं, यात वाद नाही. बाईंनी त्याचा फोटो काढला. घराचा इतिहास आता दिसायला लागला, असं त्या म्हणाल्या.

जमिनीचा प्रश्न अधिक नाजूक होता. बाईंना शेणाने सारवलेली जमीन हवी होती. "पाहुण्यांना स्पर्श जाणवला पाहिजे," त्या म्हणाल्या. गावात शेण शोधायला निघालो तेव्हा लक्षात आलं की अख्ख्या वाडीत एकच म्हैस उरली आहे आणि तिचं शेण आधीच बुक आहे. गोवऱ्या ऑनलाइन मिळतात, ओलं शेण मात्र अजून कुरिअरने येत नाही. शेवटी काकीने सारवायचं काय ते बाईंना समजावून सांगितलं. दर आठ दिवसांनी सारवायचं, पावसाळ्यात ओलं राहतं, कोपऱ्यात मुंग्या येतात, आणि सारवणारीची कंबर चाळिसाव्या वर्षी जाते. "आमी ह्याच घालवूक देवाकडे गाऱ्हाणी घातली," काकी म्हणाली, "आणि तुमी ह्या पैशे देवन करतात?" मग तडजोड झाली. कोबा केला, त्यात रंग घालून तो सारवणासारखा दिसेल असा केला, आणि सारवताना हाताचे जे अर्धगोल उठतात तेही गवंड्याकडून थापीने उमटवून घेतले. त्या अर्धगोलांचे वेगळे पैसे पडले.

न्हाणीघर मागीलदारी होतं. चुलाण, वर तांब्याचा हंडा, बाजूला आळूची पानं. हे पाहुण्यांना बघायला ठेवायचं आणि आंघोळीला प्रत्येक खोलीला आत बाथरूम, असं ठरलं. चार बाथरूम कुठे बसवायच्या, यावर बाईंनी नकाशावर पेन्सिल फिरवली आणि माजघरालगतच्या काळोख्या खोलीवर फुली मारली. ती बाळंतिणीची खोली. घरातली बारा मुलं तिथे जन्मली, मी त्यातला दहावा. मी जिथे जन्मलो तिथे आज कमोड आहे. पाहुण्यांना घर दाखवताना मी हे सांगत नाही. नाही तर ते दुसरी खोली मागतील किंवा मला नमस्कार करतील.

झोपाळ्याचं दुखणं वेगळंच. आमच्याकडे पितळी कड्यांचा झोपाळा होता. तो, चार हंडे आणि एक समई असं तात्यांनी 1994 साली एका भंगारवाल्याला वजनावर विकलं आणि त्या पैशांत टीव्हीची छत्री बसवली. आता बाईंना ओटीवर झोपाळा हवाच होता. जोगेश्वरीच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात मी तीन शनिवार घालवले. तिथे कारैकुडीचे खांब होते, गुजरातच्या हवेल्यांचे दरवाजे होते, आणि एका गाळ्यात झोपाळा होता. "कोकणातला आहे साहेब, ओरिजिनल," दुकानदार म्हणाला. मी किंमत विचारली आणि शेजारच्या खांबाचा आधार घेतला. खांबही विकाऊ होता. झोपाळा घेतला, टेम्पोत घातला. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 पासून चालू आहे, त्यामुळे त्या टेम्पोने वाटेत जे झोके खाल्ले तेवढे झोपाळ्याने आयुष्यात दिले नसतील. काकीने कडी हातात घेऊन पाहिली. माझा श्वास अडकला. कथा-कादंबऱ्यांत अशा वेळी हमखास आपलाच झोपाळा परत आलेला असतो. काकीने कडी सोडली. "ह्यो आमचो न्हय," ती म्हणाली. "आमचो बरो होतो."

आता मुख्य दरवाजा. गणेशपट्टीवरही ऑइलपेंट होता. मेस्त्री तो हळूहळू काढत होते आणि गणपतीच्या खाली अंक दिसायला लागले. एक, आठ, पाच, तीन. पुतण्या नेमका सुट्टीवर आला होता. तो ओरडलाच. "1853! काका, भारतात पहिली रेल्वे धावली ते वर्ष! बोरीबंदर ते ठाणे!" लगेच त्याने मोबाईल काढून माहितीपत्रकाचा मजकूर लिहायला घेतला. मेस्त्री खरवडतच होते. अंकांच्या डावीकडे 'शके' ही दोन अक्षरं आली, आणि खाली 'प्रजापतीनाम संवत्सरे'.

शालिवाहन शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन येतो, हे मला चौथीपासून माहीत आहे. म्हणजे घर 1931 चं. मला पुतण्याला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. मी तोंड उघडलंही. पण गेले सात महिने मी ज्या घरावर पैसे ओतत होतो ते क्षणात अठ्ठ्याहत्तर वर्षांनी म्हातारं झालं होतं, तेही फुकट. या सबंध कामात मला फुकट मिळालेली ती एकच गोष्ट. मी तोंड मिटलं. बाईंनी तर मला न विचारता आंब्याच्या पानांचं एक तोरण आणवलं आणि ते नेमकं 'शके'वर येईल असं लटकवलं. संवत्सराच्या ओळीपुढे समईचा कोनाडा केला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. पुढे पानं सुकायला लागली तेव्हा मी स्वतः मालवणच्या बाजारातून प्लास्टिकचं तोरण आणलं, म्हणजे खोटेपणाला गळती नको.

छपराचं काम शेवटी आलं. कौलं उतरवली, वाशे तपासले. आढ्याचं एक टोक वाळवीने पोखरलं होतं. तेवढं कापून नवं जोडायचं ठरलं. मेस्त्री कापायला वर चढले आणि तिथूनच त्यांनी हाक मारली. आढ्याच्या वरच्या अंगाला, वाश्यांच्या खाली, जिथे छप्पर उतरवल्याशिवाय कोणाची नजर जाणार नाही अशा जागी, कावेने काहीतरी लिहिलेलं होतं. तांबडी, एकमेकांत गुंतलेली, एका दमात ओढलेली अक्षरं. मोडी.

आमच्यात कोणालाच मोडी येत नव्हती. त्यामुळे त्या ओळीचे अर्थ भराभर लागले. पुतण्या म्हणाला, वास्तुमंत्र. गवंडी म्हणाला, पुरलेल्या धनाची खूण, आणि त्या दिवसापासून तो मागीलदारी जास्तच खोल खणायला लागला. काकी म्हणाली, "वाचूक येना नाय ता देवाचा." मी फोटो काढून घरच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला. एकेचाळीस मिनिटांत बोरिवलीच्या चुलतभावाचा निरोप आला. घरपट्टीची आठवण केली की हा गृहस्थ कायम प्रवासात असायचा. त्याने लिहिलं होतं, "तिथे जे काही सापडेल त्यावर सगळ्यांचा समान हक्क आहे, हे लक्षात असावं." त्यावर कॅनडाहून अंगठा आला.

वाळवीचा भाग काढून टाकल्यावर अक्षरांचा तुकडा मात्र धड निघाला. बाईंनी तो ओटीच्या भिंतीवर बसवला, वर पिवळा दिवा सोडला आणि खाली लाकडी पाटी लावली, 'मोडी लिपीतील वास्तुमंत्र'. काकी रोज संध्याकाळी गडगा ओलांडून यायची आणि त्याला उदबत्ती ओवाळायची.

पाहुणे यायला लागले. पुण्याचे, ठाण्याचे, एकदा बेळगावचे. सगळ्यांना जुनं घर हवं होतं आणि जुन्या घरात जे जे असतं ते सोडून बाकी सगळं हवं होतं. एका बाईंनी रात्री अकरा वाजता विचारलं, बेडूक बंद करता येतील का. एकांनी पालीबद्दल तक्रार केली. मी म्हटलं ती मूळची आहे, तर त्यांना तो विनोद वाटला नाही. वानरांनी कौलं सरकवली आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात ठाण्याच्या एका जोडप्याच्या पलंगावर बरोबर मधोमध धार लागली. आमच्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला थोडा घरातही येणार, हे आमच्या आजीला मान्य होतं, तिच्याकडे त्यासाठी खास चेपलेली भांडी होती. पाहुण्यांना मी त्यातलंच तांब्याचं घंगाळ दिलं. त्यांनी त्याचा फोटो काढला आणि पैसे परत मागितले. अभिप्रायवहीतला माझा आवडता अभिप्राय एका पुणेकरांचा आहे. "घर सुंदर. मात्र जुने आहे हे आधी कळवायला हवे होते."

दिवाळीनंतर कोल्हापूरहून एक निवृत्त शिक्षक आले. हातात काठी, पायात करकरणाऱ्या वहाणा. चहा झाल्यावर ते खळ्यात उभे राहिले आणि छपराकडे बघत म्हणाले, "मंगलोरी कौलं दिसतात."

"मूळचीच आहेत," मी म्हणालो. "एकही बदललं नाही."

"आणि घर 1853 चं?"

"हो."

"कौलांचा कारखाना मंगलोरात बासेल मिशनने काढला 1865 ला." त्यांनी चष्मा पुसला. "मग तुमच्या मंडळींनी मधली बारा वर्षं पावसात काढली म्हणायची."

मी गवताच्या छपराबद्दल काहीतरी बोलायला लागलो. मूळचीच हा शब्द एवढ्यात परत कसा घ्यावा ते मला सुचेना. शिक्षक तोवर दरवाज्यापाशी पोचले होते. त्यांनी काठीच्या टोकाने प्लास्टिकचं तोरण उचललं. शांतपणे वाचलं. समई सरकवून खालची ओळही वाचली. "शके. प्रजापती संवत्सर. म्हणजे 1931," ते म्हणाले. "छान घर आहे हो. चौऱ्याण्णव वर्षं काय कमी असतात?" आवाजात जराही टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला भांडता आलं असतं.

त्या दिवशी मेस्त्री खिडकीचा कोयंडा बसवायला आले होते आणि काकी तिच्या वेळेला उदबत्ती घेऊन आली होती, त्यामुळे पुढचं सगळ्यांच्या साक्षीने झालं. शिक्षक भिंतीवरच्या तुकड्यापुढे थांबले. निवृत्तीनंतर मोडी शिकलो, वेळ जातो, असं पुटपुटत त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि बोट अक्षरांवरून न टेकवता फिरवलं. काकीने हात जोडले. मीही, सवयीने.

"सुतारकामाचे," ते वाचायला लागले, "ठरले रुपये एकाहत्तर. पावले साठ." मग जरा थांबून, शेवटच्या फटकाऱ्याकडे बघत, "बाकी अकरा."

खळ्यात कावळा ओरडला तो सगळ्यांनी नीट ऐकला. उदबत्तीची राख काकीच्या बोटावर पडली तेव्हा ती भानावर आली. "सा म्हयने," ती म्हणाली, "सा म्हयने मी उधारीक उदबत्ती ओवाळलंय!"

मेस्त्री स्टुलावरून उतरले. तुकड्यापाशी गेले आणि मुंडाशाच्या टोकाने त्यावरची बारीक धूळ टिपली. आपल्या आजोबांचं अक्षर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं असणार. ज्या जागी दुसरा सुतारच फक्त चढेल, त्याच जागी त्या माणसाने आपला हिशोब लिहून ठेवला होता. आमच्या आजोबांनी घर बांधलं, असं आम्ही आजवर सांगत आलो. आजोबा मुंबईच्या बोटीने वर्षातून एकदा यायचे. बांधणारा इथेच होता आणि त्याला आम्ही अकरा रुपये कमी दिले होते.

मी खिशात हात घातला. मेस्त्रींनी मानेनेच नको म्हटलं. "आता नको. बिलात लावतंय. रीतसर."

रात्री मी घरच्या गटावर लिहिलं की मोडी मजकूर वाचून झाला आहे, ते अकरा रुपयांचं देणं आहे, आणि समान हक्काच्या न्यायाने तेवीस जणांत प्रत्येकी अठ्ठेचाळीस पैसे येतात. बोरिवलीचा चुलतभाऊ गटातून बाहेर पडला. पुतण्याचा फोन आला. 1931 छापलं तर खोलीचं भाडं रात्रीला पाचशेने खाली आणावं लागेल, असं त्याचं म्हणणं. मी आण म्हटलं. तोरण मी काढलं. लाकडी पाटी बदलून तिच्यावर शिक्षकांनी वाचलेला मजकूर जसाच्या तसा लिहून घेतला. काकी आता उदबत्ती देवघरातच लावते, पण जाता जाता त्या तुकड्याकडे एकदा बघते, देणेकऱ्यांकडे बघावं तसं.

आठवड्याने मेस्त्रींचा झील बिल घेऊन आला. वहीचा आखीव कागद, निळं पेन. पितळी कोयंडा एक, रुपये 150. मजुरी, रुपये 400. मागील बाकी, रुपये 11. एकूण रुपये 561. व्याज लावलेलं नव्हतं.